ध्यान चालू, वाचन चालू, तरी मिटिंगमध्ये मी तोच

प्रश्न थोडक्यात असा: "मी चाळीसेक माणसांच्या विभागाचा प्रमुख आहे. रोज सकाळी ध्यान करतो, नेतृत्वाची दोन शिबिरं केली, वाचनही भरपूर आहे. तरी दर वर्षीच्या ३६० अंश फीडबॅकमध्ये, म्हणजे वरिष्ठ, सहकारी, हाताखालची माणसं अशा सगळ्यांच्या अभिप्रायात, तेच येतं: ऐकून घेत नाहीत, शेवटी स्वतःचंच खरं करतात. सध्या 'इंटिग्रल' नेतृत्वाबद्दल, म्हणजे समग्र दृष्टिकोनाबद्दल वाचतोय. त्यानं माणूस खरंच बदलतो का? आणि मी त्यातल्या कुठल्या पातळीवर आहे, हे कसं ओळखायचं?"

पातळीचा नाद तूर्त सोडा, त्याकडे नंतर येते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: समग्र दृष्टिकोनानं माणूस बदलत नाही. आपण नेमकं कुठे बघायचं टाळतोय, एवढं त्यानं कळतं. बदल होतो तो त्यानंतरच्या बऱ्याच कंटाळवाण्या कामातून, आणि मला लिहायचंय ते मुख्यतः त्या कामाबद्दल.

या नावाखाली सध्या बरंच काही खपवलं जातं, म्हणून मुळात काय आहे ते आधी. श्री अरविंदांनी १९१४ पासून 'आर्य' मासिकातून पूर्णयोगाची मांडणी केली. संसार बाजूला ठेवून साधना करायची नाही. मन, प्राण, शरीर या सगळ्यांचंच रूपांतर व्हायला हवं आणि ते रोजच्या कर्मातच व्हायला हवं, हा तिचा गाभा. अमेरिकेतले लेखक केन विल्बर यांनी हा धागा पाश्चात्त्य विकास-मानसशास्त्राशी जोडला आणि १९९५ मध्ये चार चौकटींचा नकाशा मांडला. कुठलीही घटना घ्या, तिला एक आतली बाजू असते आणि एक बाहेरची. ती एकट्याची असते आणि समूहाचीही असते. कागदावर अधिकचं चिन्ह काढलं की चार घरं तयार. विल्बर यांच्या नकाशात याखेरीज पातळ्या, रेषा, अवस्था, प्रकार असा मोठा पसारा आहे. त्यातला बराचसा मला कामात लागत नाही. ही चार घरं मात्र रोज लागतात.

तुमची तक्रार त्यात बसवून बघू.

पहिलं घर तुमच्या आतलं. टीममधलं कुणीतरी एक अर्धवट कल्पना बोलून दाखवतं आणि पुढे दोन सेकंद कुणीच काही बोलत नाही. त्या दोन सेकंदांत तुम्हाला काय होतं? बहुतेक प्रमुखांना हे सांगताच येत नाही, कारण तोवर त्यांनी बोलायला सुरुवात केलेली असते.

दुसरं घर तुमचंच, पण बाहेरून दिसणारं. खोलीत कॅमेरा लावला तर काय दिसेल? प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबता, तासाभरातला किती वेळ तुमचाच आवाज ऐकू येतो, समोरचा बोलत असताना नजर लॅपटॉपवर जाते का. झोपसुद्धा याच घरात येते. पाच तास झोपलेल्या माणसानं श्रवणकौशल्याच्या कितीही कार्यशाळा केल्या, तरी संध्याकाळच्या मिटिंगमध्ये त्याचा तोल जातोच.

तिसरं समूहाच्या आतलं: टीम न बोलता काय धरून चालली आहे. "सरांचं आधीच ठरलेलं असतं, कशाला डोकं चालवायचं?" हे वाक्य मिटिंगमध्ये कधी येत नाही, ते मिटिंग संपल्यावर कॉरिडॉरमध्ये येतं. एकदा ही समजूत मुरली की लोक अर्धवट तयारीनं येतात, कारण पूर्ण तयारी वाया जाताना त्यांनी पाहिलेली असते. ती अर्धवट तयारी पाहून तुम्हाला वाटतं, बघा, मी बोललो नाही तर काही खरं नाही. दोघांनाही आपापला पुरावा रोज मिळत राहतो.

चौथ्या घरात नियम, सह्या, फॉर्म, पगारवाढीचे निकष. कुठल्या निर्णयावर कुणाची सही लागते? चूक झाली की वरून फोन कुणाला येतो? दोन दिवसांच्या कामालाही तुमची मंजुरी लागत असेल, तर "लोक मला प्रत्येक गोष्ट विचारतात" ही तक्रार तुम्हाला करता येणार नाही. तशी सोय तुम्हीच करून ठेवली आहे.

आता बघा, ध्यान, शिबिरं, वाचन ही तुमची सगळी मेहनत पहिल्या घरात झाली आहे. तिथे काम करणं सोयीचं असतं: कुणी बघत नाही, आणि आपण काहीतरी करतोय याचं समाधान मिळतं. संस्थांचं नेमकं उलट. त्या चौथ्या घरात रमतात: आराखडा बदलतात, पदांना नवी नावं देतात, मधली एक पायरी काढून टाकतात, आणि माणसं पूर्वीसारखीच वागतात. नेदरलँड्समधल्या ब्युर्टझोर्ग या संस्थेचं नाव अशा चर्चेत हमखास निघतं. घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांच्या तिथल्या टीम जास्तीत जास्त १२ जणींच्या असतात, त्या स्वतःच निर्णय घेतात, वर मॅनेजर नसतो. एवढं सगळे सांगतात. पण एकत्र निर्णय कसा घ्यायचा याचं प्रशिक्षण त्या टीमना मिळतं, आणि गाडं अडलं की बोलवायला कोच असतात ज्यांना निर्णयाचा अधिकारच नसतो, हे फार कमी जण सांगतात. तिथे चौथ्या घराबरोबर बाकीच्या घरांचीही काळजी घेतली गेली आहे. नुसता मॅनेजर काढून टाकला असता तर गोंधळच झाला असता.

मात्र चारही घरांत एकाच दिवशी कामाला लागू नका. एक वागणूक निवडा, अगदी लहान, आणि तिच्याभोवती चारही घरं तपासा.

आता जिथे बहुतेकांचं घोडं अडतं तिथे येऊ. हार्वर्डमध्ये शिकवलेले रॉबर्ट केगन आणि लिसा लाहे यांनी चार रकान्यांचा एक तक्ता तयार केला आहे. बदलाला आपणच आतून कसा विरोध करतो, हे त्यातून दिसतं. तक्ता भरायला तासभर पुरतो, पण एकट्यानं भरला तर माणूस स्वतःला फसवतो, म्हणून समोर कुणीतरी विचारणारं लागतं. नमुना म्हणून एक संभाषण देते. माणूस तुमच्यासारखाच, तपशील दोन-तीन जणांचे एकत्र केलेले.

पहिल्या रकान्यात संकल्प: "मिटिंगमध्ये मी आधी ऐकेन, मग बोलेन." दुसऱ्यात, प्रत्यक्षात याच्या उलट काय करतो. इथे कारणं लिहायची नाहीत, फक्त दिसणारं वागणं: समोरच्याचं वाक्य पूर्ण होण्याआधी तोडतो, कुणी आकडा चुकीचा सांगितला की सगळ्यांसमोर दुरुस्त करतो, टीमनं लिहिलेला ईमेलचा मसुदा रात्री पुन्हा स्वतः लिहितो. इथपर्यंत सगळे हसत-खेळत भरतात.

तिसरा रकाना अवघड. दुसऱ्या रकान्यातल्या गोष्टी करायच्याच नाहीत असं ठरवलं, तर कशाची भीती वाटते? पहिलं उत्तर नेहमी चारचौघांत सांगण्यासारखं असतं.

"वेळ वाया जाईल."

"गेला तर?"

"डेडलाइन चुकेल."

"आणि चुकली तर?"

"वरिष्ठ विचारतील. मला उत्तर द्यावं लागेल."

"आजवर कधी द्यावं लागलं नाही?"

"लागलं की. पण तेव्हा माझ्याकडे उत्तर होतं." मग बराच वेळ काही नाही. "उत्तर नसेल तर या खुर्चीत मला कशाला बसवलंय, असं लोक म्हणतील."

"लोक?"

"मीच म्हणेन."

तिसऱ्या रकान्यात त्यानं लिहिलं: "ज्याला उत्तर माहीत असतं असा माणूस म्हणूनच मला राहायचंय." लक्षात घ्या, हीसुद्धा त्याची बांधिलकीच आहे, आणि पहिल्या रकान्यातल्या संकल्पापेक्षा ती कितीतरी जुनी आणि चिवट आहे. चौथ्या रकान्यात तिच्या तळाचं गृहीतक: "मला उत्तर माहीत नसेल, तर माझी किंमत शून्य."

कागदावर ते वाक्य बघून तो म्हणाला, "हे वेडगळ आहे." वेडगळ आहेच. तरीही इतकी वर्षं त्याच्या सगळ्या मिटिंगा त्याच वाक्यानं चालवल्या होत्या. ते वाक्य त्याला दिसत नव्हतं, कारण तो त्यातूनच जगाकडे बघत होता. केगन ज्याला प्रौढ माणसाचा विकास म्हणतात तो हाच: कालपर्यंत ज्यातून बघत होतो, ते आज समोर ठेवून बघता येणं. यात नवं कौशल्य शिकण्यासारखं काही नसतं. ऐकायचं कसं हे त्याला आधीपासून येत होतं. घरी आजारी वडिलांचं तो तासन् तास ऐकून घेत असे.

तक्ता भरून झाला की लोकांना मोठं पाऊल उचलायचा उत्साह येतो. "उद्यापासून मी बोलणारच नाही." असं करू नका. गृहीतक खोटं ठरवण्याची घाई करायची नाही, त्याच्याबद्दल माहिती गोळा करायची. एक लहानशी चाचणी ठरवा. आठवड्याच्या मिटिंगमधला एकच विषय निवडा, ज्यावर तुमचं मत आधीच पक्कं आहे, पण निर्णय चुकला तरी आभाळ कोसळणार नाही. प्रश्न मांडा आणि तिघं बोलून होईपर्यंत तोंड उघडू नका. नंतर दहा मिनिटं बसून तीन गोष्टी लिहा: प्रत्यक्ष काय झालं, शरीरात काय झालं, आणि "माझी किंमत शून्य" या वाक्याबद्दल यातून काय कळलं. "मला जमलं का?" हा प्रश्न लिहायचा नाही. तो प्रश्न म्हणजे जुनं गृहीतकच मागच्या दारानं आत आलेलं असतं.

चाचणी फसते ती ठरावीक तऱ्हांनी. काही जण ती टीमला आधीच जाहीर करून टाकतात, मग टीम त्यांच्यासाठी नाटक करते. काही जण असा विषय निवडतात ज्याचं त्यांना काहीच पडलेलं नाही; तिथे गप्प बसून काही कळत नाही. आणि काही जण गप्प बसतात, पण चेहरा बोलत राहतो. टीमला तुमच्या भुवया वाचता येतात.

तुमच्या ध्यानाबद्दल आता लिहावंच लागेल, कारण तुमचा प्रश्न तिथूनच आला आहे असं मला वाटतं. ध्यानात मिळणारी शांतता ही एक अवस्था आहे. ती येते, जाते, आणि विकासाच्या कुठल्याही टप्प्यावरच्या माणसाला अनुभवता येते. पण त्या अनुभवाचा अर्थ माणूस लावतो तो आपल्या आहे त्या समजुतीनंच. "मला उत्तर माहीत असायलाच हवं" असं धरून चालणारा माणूस वर्षभर ध्यान करून अधिक शांतपणे उत्तरं देणारा माणूस होऊ शकतो. टीमच्या दृष्टीनं काही फरक पडत नाही. उलट आता त्याच्याशी वाद घालणं आणखी कठीण होतं, कारण तो चिडत नाही. जॉन वेलवूड या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८४ मध्ये यातलाच एक प्रकार नेमका पकडला: भावनिक दुखणी आणि अर्धवट राहिलेली मानसिक कामं टाळण्यासाठी साधनेचा आडोसा घेणं. मोठ्या साधनेचे, मोठा शिष्यवर्ग असलेले गुरू सत्ता आणि पैशाच्या बाबतीत अगदी कच्चे निघतात, त्याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही. ती दोन वेगळी कामं आहेत आणि एक केलं म्हणून दुसरं आपोआप होत नाही.

म्हणून ध्यान सोडायचं का? अजिबात नाही. त्या दोन सेकंदांत काय होतं हे पकडायला ध्यानाइतकं उपयोगी दुसरं काही मला माहीत नाही. फक्त ते सकाळच्या खोलीतून मिटिंगच्या खोलीत आणा. बोलण्याआधी जबडा आवळला जातो का, श्वास वर चढतो का, एवढंच टिपा.

तिसऱ्या घरासाठी, म्हणजे टीमच्या न बोललेल्या समजुतींसाठी, संस्थांमधल्या माणसांच्या वागण्याचे अभ्यासक ख्रिस आर्गिरिस यांचा एक जुना व्यायाम मी अजूनही वापरते. नुकतंच झालेलं एखादं अवघड संभाषण आठवा. कागदाच्या उजव्या बाजूला प्रत्यक्ष बोललेली वाक्यं, डाव्या बाजूला त्याच क्षणी मनात आलेली पण न बोललेली. उजवीकडे: "छान कल्पना आहे, पुढच्या तिमाहीत बघू." डावीकडे: "हे गेल्या वर्षीच आपटलंय, हिला कुणी सांगितलं नाही का?" उजवीकडे: "तुमचं काय मत?" डावीकडे: "लवकर हो म्हणा, मला दुसरी मिटिंग आहे." आर्गिरिस यांचं म्हणणं असं की आपण ज्या तत्त्वांवर चालतो असं सांगतो आणि प्रत्यक्षात ज्यांवर चालतो ती वेगळी असतात, आणि हा फरक सर्वांत उशिरा आपल्यालाच कळतो. हुशार, यशस्वी माणसांना तर फारच उशिरा, कारण चुकण्याचा सराव त्यांना नसतो. आधी तुम्ही स्वतःचा कागद भरा आणि टीमला वाचून दाखवा. त्यांचे कागद मागू नका. वेळ आली की ते स्वतःच बोलतील, आणि नाही बोलले तर तीही माहितीच आहे.

चौथ्या घरातलं काम त्या मानानं सोपं आहे आणि म्हणूनच ते पुढे ढकललं जातं. तुमची सही लागणाऱ्या निर्णयांची यादी करा, त्यातले निम्मे खाली सोडा आणि तसं लेखी कळवा. मिटिंगमध्ये तुम्ही शेवटी बोलायचं, हा नियम करा आणि अध्यक्षपद फिरतं ठेवा. यात एक पथ्य आहे. नेतृत्वाचे अभ्यासक रोनाल्ड हायफेट्झ यांनी दोन प्रकारचे प्रश्न वेगळे काढले: ज्यांचं उत्तर कुणा जाणकाराकडे तयार आहे ते तांत्रिक, आणि ज्यांत लोकांनाच आपल्या सवयी, निष्ठा, समजुती बदलाव्या लागतात ते जुळवून घेण्याचे. सर्व्हर बंद पडलाय आणि तुम्हाला दुरुस्ती येते, तर कृपा करून "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारत बसू नका, सरळ सांगा. दोन विभाग एकमेकांना माहिती देत नाहीत, अशा ठिकाणी मात्र तुमचं तयार उत्तर लोकांचं काम हिरावून घेतं. समग्र वगैरे शिकून आलेले नवे प्रमुख हा फरक विसरतात आणि टीमला दर गोष्टीत चर्चेला बसवून वैताग आणतात.

आता पातळ्या. माणसाची जगाचा अर्थ लावण्याची पद्धत टप्प्याटप्प्यानं बदलत जाते, या कल्पनेमागे खरं संशोधन आहे. मानसशास्त्रज्ञ जेन लेव्हिंजर यांनी अर्धवट वाक्यं पूर्ण करायला लावून माणसाची अर्थ लावण्याची पद्धत मोजणारी चाचणी तयार केली; सुझान कुक-ग्रॉयटर आणि विल्यम टॉर्बर्ट यांनी ती नेतृत्वाच्या कामी आणली. डेव्हिड रूक आणि टॉर्बर्ट यांनी २००५ मध्ये हजारो व्यवस्थापकांच्या चाचण्यांवरून जी आकडेवारी दिली, तिच्यात सर्वांत मोठा गट 'तज्ज्ञ' प्रकारचा होता, ३८ टक्के. त्याखालोखाल ध्येय गाठणाऱ्यांचा, ३० टक्के. आणि व्यक्ती व संस्था दोन्हींचं रूपांतर घडवू शकणाऱ्या 'रणनीतिकारां'चा फक्त ४ टक्के. "मला उत्तर माहीत असायला हवं" हे 'तज्ज्ञ' माणसाचं बोधवाक्यच म्हणा ना. तेव्हा तुम्ही एकटे नाही, चांगल्या भरल्या खोलीत बसला आहात.

पण चाचणी करून घ्यायची घाई मला पटत नाही. ती लिखित भाषेवर चालते, तुम्ही दबावाखाली कसे वागता यावर नाही. एकच माणूस कामात एका पद्धतीनं अर्थ लावतो आणि घरातल्या भांडणात कितीतरी लहान होतो. शिवाय पातळीचं नाव मिळालं की ते मिरवायचा किंवा दुसऱ्याला चिकटवायचा मोह होतो. पातळ्यांना रंगांची नावं देणारी जी मॉडेलं आहेत, त्यांच्यामागचा पुरावा लेव्हिंजर यांच्या चाचणीमागच्या पुराव्यापेक्षा खूपच तोकडा आहे, तरी चलती त्यांचीच जास्त, कारण रंग लक्षात राहतात. "तो अजून केशरी पातळीवर आहे" असं एखादा कोच तुमच्या सहकाऱ्याबद्दल बोलला, तर उठून निघा. ती सभ्य भाषेतली उच्चनीचता आहे. पातळ्यांचा उपयोग एकाच माणसावर करावा, स्वतःवर, आणि तोही "पुढे काय दिसू शकेल?" एवढ्यासाठीच.

वेळ किती लागेल? एक वागणूक आणि तिच्यामागचं गृहीतक सैल व्हायला काही महिने, नियमित चाचण्या केल्या तर. अर्थ लावण्याची संपूर्ण पद्धत बदलायला वर्षं लागतात, आणि ते वेळापत्रकानं होत नाही. दोन दिवसांच्या शिबिरात टप्पा ओलांडून देण्याचं आश्वासन कुणी देत असेल तर पैसे वाचवा. मध्येच काही जुनं आणि जड वर आलं, झोप उडाली, कामावर जाववेना, तर हे कोचचं काम नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा आणि तक्ता बाजूला ठेवा.

सुरुवात कुठून करायची, एवढंच राहिलं. टीममधली अशी एक व्यक्ती निवडा जिला तुमची फारशी भीती वाटत नाही. तिला सांगा की पुढचे तीन महिने एकाच गोष्टीवर लक्ष ठेव: मी वाक्य तोडतो का. दर पंधरा दिवसांनी पाच मिनिटं तिच्याकडून ऐका. उत्तर द्यायचं नाही, खुलासा करायचा नाही, वहीत लिहून घ्यायचं. तिच्या वार्षिक मूल्यमापनाचा अधिकार तुमच्याकडे असेल, तर तिच्याऐवजी दुसऱ्या विभागातलं कुणीतरी निवडा.